मळ्यातील स्थळ

सर्व संबंधितांस या लेखाद्वारे जाहीर कळविण्यात येते की, नारळ हे झाड नाही.

ताड झाड नाही, पोफळ झाड नाही, शिंदी झाड नाही. तुमच्या सोसायटीच्या फाटकापाशी शोभेसाठी लावलेला तो बाटलीसारखा फुगीर पामसुद्धा झाड नाही. ही बातमी मी इतकी वर्षं दाबून ठेवली, कारण समाजात घबराट पसरावी अशी माझी इच्छा नव्हती. पण आता मेंदी लावूनही माझं वय लपत नाही, आणि ज्यांनी मला हे सत्य सांगितलं ते सर आता हयात नाहीत. तेव्हा जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे.

"झाड दरवर्षी जाड होतं," सर सांगायचे. "कापलं की आत वर्तुळं दिसतात. जखम झाली तर झाड ती भरून काढतं. पामला यातलं काहीच येत नाही. तो गवताचा आणि केळीचा भाऊबंद. निव्वळ उंच झाला म्हणून झाड म्हणायचं असेल, तर पंचगंगेला पूर आला की तिला समुद्र म्हणा."

कोल्हापुरात विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात मागच्या अंगाला सरांची खोली होती. तिथं जो कोणी पामला झाड म्हणेल त्याची शिक्षा ठरलेली. कोपऱ्यात शिंदीच्या पानांची केरसुणी उभी असे. सर तिच्याकडे बोट दाखवत आणि अत्यंत सौम्यपणे म्हणत, "झाड म्हणालात ना? मग झाडा." यातून कोणालाही सूट नव्हती. विभागप्रमुखांनी खोली झाडली आहे. एकदा तपासणीला आलेल्या बड्या अधिकाऱ्यांनी कोटाच्या बाह्या सारून अर्धी खोली झाडली, आणि उरलेली अर्धी झाडताना "इथं किती झाडं आहेत?" असं विचारल्यामुळे पहिली अर्धी पुन्हा झाडली. आमची खोली अख्ख्या विद्यापीठात सर्वांत स्वच्छ होती.

मी त्यांच्याकडे पीएच.डी.साठी गेले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. माझे गुण, माझे प्रबंध, माझी प्रशस्तिपत्रकं यांतलं काही त्यांनी पाहिलं नाही.

"कुठली?"

"कबनूरची."

"घरी काय?"

"माग आहेत. अप्पा मलमल काढतात."

"घरात बोलता काय?"

"मराठी. आईशी, म्हणजे अव्वाशी, कन्नड."

सर खुर्चीत ताठ झाले. "शिंदीला अव्वा काय म्हणते?"

"ईचल. ईचलगिडा."

"गिडा!" सर उठून उभे राहिले. "गिडा म्हणजे रोप! 'मर' नाही म्हणत? झाड नाही म्हणत?"

"नाही सर."

"बघा," सर रिकाम्या खोलीला उद्देशून म्हणाले, "एका भाषेला तरी कळतं."

मला प्रवेश मिळाला. आमची अव्वा वडालाही गिडाच म्हणते, आंब्यालाही गिडाच म्हणते, ही माहिती मी त्यांना त्या दिवशी दिली नाही. पुढंही कधी दिली नाही. ईचल म्हणजे शिंदी, करंजी म्हणजे करंज, तेव्हा इचलकरंजीचं अर्धं नाव आपल्या मालकीचं आहे, असा सिद्धांत मात्र त्यांनी त्याच आठवड्यात जाहीर केला. इतिहास विभागातले एक गृहस्थ त्यावर दोनदा भांडायला आले. दोन्ही वेळा त्यांनी खोली झाडली.

सरांच्या पिशवीत कायम तीन वस्तू असत: मोजपट्टी, भिंग आणि पक्कड. पहिल्या दोन कोणाही शास्त्रज्ञाच्या पिशवीत असतात. पक्कड होती ती खिळे उपटायला. रस्त्याकडेच्या माडांना लोक पाट्या ठोकतात, क्लासच्या, निवडणुकीच्या. सर थांबत, पाटी काढून खाली नीट टेकवून ठेवत आणि खिळा उपटत. एका निवडणुकीत रंकाळ्यावर पोलिसांनी त्यांना धरलं. "कुठल्या पार्टीचं तुम्ही?" हवालदारानं विचारलं. सर म्हणाले, "माडाच्या." हवालदारानं पक्षांची यादी मनातल्या मनात दोनदा चाळली आणि त्यांना चौकीत नेऊन बसवलं. सोडवायला मी गेले. तेव्हा ते हवालदाराला समजावत होते, "वडाला खिळा मारलात तर वड तो गिळून टाकतो. माडाला मारलात तर तो जन्मभर तसाच अंगावर वागवतो. त्याला बुजवता येत नाही हो." हवालदार गप्प बसून ऐकत होता. त्यानं चहा मागवला होता.

माडाच्या खोडाला कुठं कंबर बारीक झालेली दिसली की सर तिथं हात ठेवत. "हा बघ, दुष्काळ. त्या साली पाणी मिळालं नाही. पुढं कितीही प्यायला तरी ती कंबर भरत नाही." मग खोडावरच्या पानांच्या वळ्या मोजत खाली खाली येत आणि त्या घराच्या मालकाला विचारत, "बारा-तेरा वर्षांखाली तुमची विहीर आटली होती का हो?" मालक घाबरून आत जाई आणि बायकोला बोलावून आणी.

पामवर आपल्याकडे काम कमी झालं, याचं कारण सरांच्या मते शास्त्रीय नसून निव्वळ आळस हे होतं. इतर वनस्पतींची फांदी कागदात दाबून घरी नेता येते. भेरली माडाचं एक पान दोन माणसांनी उचलावं लागतं. आम्ही ते एस.टी.च्या टपावर टाकून आणत असू. पान कापून त्याचे वीस-पंचवीस तुकडे वेगवेगळ्या कागदांवर शिवायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा. प्रत्येक कागदाखाली एक चिठ्ठी. तिच्यावर नाव, तारीख, उंची, आणि स्थळ. स्थळ म्हणजे वनस्पती जिथं सापडली ती जागा. हा शब्द लक्षात ठेवा. याच शब्दानं पुढं आमची अब्रू घेतली.

आता ती.

सरांच्या खोलीमागच्या जमिनीच्या तुकड्यात एक शिंदी होती. नेहमीच्या शिंदीहून बुटकी, पानं मऊ आणि निळसर. आजऱ्याकडच्या एका डोंगराच्या उतारावर सरांना तसल्या चार-पाच सापडल्या होत्या. पुन्हा गेले तर डोंगर खडीसाठी फोडायला घेतलेला. एकच उरली होती, ती त्यांनी मुळांसकट, मातीसकट टेम्पोत घालून आणली. ही वेगळीच जात आहे अशी त्यांची खात्री होती. पण शिंदीत नर वेगळा आणि मादी वेगळी. ही मादी. दरवर्षी हिवाळ्यात फुलायची आणि नराविना तशीच वाळून जायची. पाच वर्षं सर तिच्यासाठी नर शोधत होते. नर मिळाला नाही तर ही गेली की तिची जात गेली, इतकी सरळ गोष्ट होती.

साधी शिंदी चालली नसती का? चालली असती, पण बी संकराचं झालं असतं, तिच्या जातीचं नव्हे. शिंदीच्या जातींत सहज संकर होतो, आणि आसपासच्या ओढ्यांतून साध्या शिंदीचा पराग वाऱ्यावर येतच असतो. म्हणून तर सर तिच्या फुलोऱ्यांना कापडाच्या पिशव्या बांधत. हवा जावी, पराग जाऊ नये. बाजारातलं एकही कापड त्यांना पसंत पडेना. मी अप्पांची मलमल आणून दिली. सरांनी ती भिंगाखाली धरली आणि म्हणाले, "विरळ आहे. यातून बैलगाडी जाईल."

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. (मी आगीत तेल ओतते असा माझ्यावर आरोप आहे. मी फक्त तेल जवळ ठेवते.) दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतः कबनूरहून आले, काखेत कापडाचा ताका.

"कोण म्हणतंय विरळ?"

"मी," सर म्हणाले. "बसा."

"बसाय आलो न्हाय. तीस वर्षं माग चालवतोय. आमच्या मलमलीला कुणी नाव ठेवलेलं न्हाय."

सरांनी त्यांच्या डोळ्याला भिंग लावलं. अप्पांनी आपलं कापड आयुष्यात पहिल्यांदा तसं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "तुमचा त्यो पराग किती बारीक असतोय?"

त्यानंतर अप्पा महिनाभर घरी कमी आणि मागापाशी जास्त. धागा बदलला, वीण घट्ट केली, चार वेळा नमुने आणले. पाचवा सरांनी पास केला. त्या दिवशी अप्पा जरा मोकळे झाले आणि म्हणाले, "सर, राग मानू नका. माणसात जात पाळू नका म्हणून तुम्ही भाषणं करता. आणि शिंदीत एवढी पाळता?"

"माणसाच्या जाती माणसानं केल्या, अप्पा," सर म्हणाले. "हिची कुणी केली ते मला ठाऊक नाही. तेच तर शोधतोय."

अप्पांना हे पटलं. लगेच त्यांनी आपलं मूळ दुखणं काढलं. "माझ्या पोरीचं पण जरा बघा की मग. सव्वीसची झाली. शिंदीचं लगीन लावत बसलीय, आपलं राहिलंय." आणि तेवढ्यात आठवलं म्हणून, "तुम्ही का न्हाय केलं, सर?"

सरांनी लग्न केलं नव्हतं. कारण मलाही कधी कळलं नाही. विचारणाऱ्याला ते एकच उत्तर देत आणि तेच अप्पांनाही दिलं: "घाई असेल त्यानं कोथिंबीर लावावी."

नराचा पत्ता लागला तो दिवाळीत. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी घेतात. महाद्वार रोडला केरसुण्यांचे ढीग लागले की सर तिथं उकिडवे बसून एकेक केरसुणी हुंगत, वाकवत, भिंगाखाली धरत. विकणाऱ्या बायका त्यांना ओळखून होत्या. त्या वर्षी एका ढिगात त्यांना एक केरसुणी सापडली. मऊ पानांची, निळसर झाक असलेली.

"बाई, ही पानं कुठली?"

"मुरगूडची. बांधावर एकच हाय तसली. आमी दरसाल तिथनंच आणतो."

"फळ धरतं त्याला?"

"फळ कुठलं? शेंड्याला हात बी पोचत न्हाई आन् फळ बी न्हाई. हिवाळ्यात नुस्तं पीठ उडतंय."

पीठ उडतं म्हणजे पराग. पराग म्हणजे नर. सरांनी सगळा ढीग विकत घेतला. पुढची दोन वर्षं मी माझ्या सर्व नातेवाइकांना केरसुणी भेट देत होते.

मळेवाल्याचं नाव-गाव बाईकडूनच मिळालं. पण फुलण्याचा हंगाम यायचा होता. जानेवारीत आमच्या शिंदीनं फुलोऱ्याचा कोंब काढला आणि सरांनी मुरगूडला पोस्टकार्ड लिहिलं. ते मी वाचलं नाही, नुसतं पेटीत टाकलं. वाचलं असतं तर? खरं सांगू, तरीही टाकलंच असतं. मजकूर असा होता:

"स. न. वि. वि. आपल्या मळ्यातील स्थळ पाहण्यास येत्या रविवारी सकाळी येत आहोत. सोबत मुलगी असेल. पसंत पडल्यास त्याच दिवशी कार्य उरकून परतू. मानपानाची अपेक्षा नाही. फक्त शिडीची सोय व्हावी."

रविवारी आम्ही मुरगूडला उतरून मळ्यात पोचलो. सरांच्या पिशवीत ब्रश, माझ्या पिशवीत अप्पांची मलमल. मळ्यातलं घर शेणानं सारवलेलं, दारात रांगोळी, सोप्यात सतरंज्या. फेटे बांधलेले आठ-दहा पुरुष. भिंतीला नवीकोरी शिडी टेकवलेली, आणि तिला झेंडूची माळ. मला शंका आली. सरांना येत नसे.

"या पावणं, बसा," फेटेवाल्यांतले थोरले म्हणाले. ते घरातले चुलते होते.

"बसायला नको. आधी त्याला बघू. कुठं आहे?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. असला रोखठोक व्याही त्यांनी पाहिला नव्हता. चुलत्यांनी आत हाक मारली आणि केसांना तेल चोपडलेला, कडक इस्त्रीचा एक उंच तरुण बाहेर येऊन सरांच्या पाया पडला. सरांना वाटलं, हा वाट दाखवायला आला आहे. त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि चुलत्यांना विचारलं,

"वय किती असेल त्याचं?"

"सव्वीस पुरं."

"छे छे. इतकं नसणार. कुणी मोजलं?"

दाराआडून बाईचा आवाज आला, "कुणी मोजलं म्हंजे? म्या जल्म दिलाय की त्येला!"

मी पदर तोंडात कोंबला. लोकांना वाटलं, मुलगी लाजाळू आहे.

"पाणी कितपत लागतं त्याला?"

"पावणं," चुलत्यांचा आवाज चढला, "आमचं पोरगं थेंबाला शिवत न्हाई. माळकरी हाय. गावात कुणाला बी इचारा."

"अहो, मी काय म्हणतोय, तुम्ही काय सांगताय!" सर वैतागले. "मी शिंदीसाठी आलोय!"

शिंदी म्हणजे जशी ती वनस्पती, तशी तिची दारूही. चुलत्यांनी घड्याळात पाहिलं, सरांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, आणि दुःखानं विचारलं, "सकाळी सकाळी?"

मग मात्र मला राहवलं नाही. मी हसले, रडले, पाणी प्यायले आणि सगळं समजावून सांगितलं. स्थळ म्हणजे जागा. 'तो' म्हणजे शिंदीचा नर. मुलगी म्हणजे विद्यार्थिनी. आधी चुलते हसले, मग फेटे हसले, मग दाराआडच्या बायका बाहेर येऊन हसल्या. "आन् शिडी?" नवरदेवाची आई डोळे पुसत म्हणाली. "आमी म्हटलं, पावण्यांच्यात शिडीचा कायतरी मान असतोय!"

एक जण हसत नव्हता. तो तरुण. त्याचा चेहरा उतरला होता.

"ती बांधावरची काटेरी?" त्यानं विचारलं. "जिच्या केरसुण्या करत्यात?"

"हो, तीच!" सर म्हणाले.

"ती काल तोडली, सर."

"तोडली?"

"वाटंवरच होती. म्हटलं, पावण्यांच्यात बायका असणार. लुगडी अडकतील."

सर तडक निघाले. बांधावर जाऊन पाहिलं. बुंधा जमिनीलगत तोडलेला होता. एखादं झाड असतं तर बुडातून फुटलं असतं. या शिंदीला शेंडा एकच. सर त्या बुंध्याशेजारी मातीत बसले आणि त्यावर तळहात ठेवला. तो पोरगा मागं उभा होता, इस्त्रीच्या कपड्यांत, रडवेला. मला वाटलं, सर आता त्याला बोलणार. सर म्हणाले, "तुझी चूक नाही. अक्षर माझं होतं."

मग आम्ही सगळ्यांनी मिळून तो काट्यांचा ढीग उपसला. फेटेवाल्यांनी फेटे काढून ठेवले. हातांतून रक्त आलं. दोन फुलोरे मिळाले. एक चिरडलेला. दुसरा गोठ्यामागं, त्या पोराच्या आईला सापडला. "ह्यो का कोंब? शेळी खाईना म्हणून मीच टाकलाय." अजून मिटलेला, चामड्यासारख्या आवरणात बंद. हातभर लांब. पाच वर्षांच्या शोधानंतर हाती आलं ते एवढंच.

परतीच्या एस.टी.त सरांनी तो अप्पांच्या मलमलीत गुंडाळून मांडीवर धरला होता, बाळंतविडा धरावा तसा. कंडक्टरनं विचारलं, "पावणं, काय हाय त्यात?"

"नवरदेव," सर म्हणाले. कंडक्टरनं सरळ तिकीट फाडलं. कोल्हापूरचा होता.

तिसऱ्या दिवशी फुलोरा उमलला. सरांनी ब्रशनं पराग घेतला आणि आमच्या शिंदीच्या फुलांवर लावला. फुलोरा हलू नये म्हणून दांडी मी धरली. पिशवी बांधली. अप्पा कबनूरहून मुद्दाम आले होते. त्यांनी गाठ पुन्हा तपासली.

सात फळं धरली. दोन किडकी निघाली. पाच बिया सरांनी कुंड्यांत लावल्या, आणि चार महिने रोज सकाळी त्या कुंड्यांपुढं उभं राहून परत येत. पाचही रुजल्या.

मुरगूडचा तो पोरगा दर पंधरवड्याला मोटारसायकलवरून यायचा. फाटकातूनच ओरडायचा, "मॅडम, पेशंट कसं हाईत?" तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतंय. अप्पांच्याही मनात तेच होतं, त्याच्या आईच्याही. पण नाही. माझं लग्न पुढं रीतसर कांदेपोहे खाऊन एका बँकवाल्याशी झालं आणि त्याचं कागलच्या मुलीशी. दोन्ही लग्नांत सर आहेर म्हणून केरसुणी घेऊन आले.

एवढ्यानं काम संपलं असं समजू नका. शिंदी नर की मादी ते फुलल्याशिवाय कळत नाही, आणि फुलायला पाच-सहा वर्षं लागतात. पाचांत एक तरी नर हवा होता. नाहीतर पाचही पुन्हा तशाच वाळणार, आणि आता तोडायलासुद्धा दुसरा नर कुठं उरला नव्हता. दोन रोपं विद्यापीठात राहिली, दोन सर निवृत्त होताना घरी घेऊन गेले. पाचवं त्यांनी मुरगूडच्या पोराला दिलं. "तू लाव," म्हणाले. त्यानं ते बांधावर, त्याच बुंध्याशेजारी लावलं आणि भोवती दगडांचं कुंपण घातलं.

वर्षं गेली. सरांचे गुडघे गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू झाला. विद्यापीठातलं पहिलं फुललं. मादी. दुसरं फुललं. मादी. घरामागचं एक पाण्याच्या लाइनीच्या खोदाईत गेलं. उरलेलं फुललं त्या दिवशी मी सरांकडे गेले होते. ते पायरीवर बसले होते. "तीन मुली," ते म्हणाले. "गुणी आहेत. पण..."

त्यानंतरच्या हिवाळ्यात मुरगूडहून माझ्या मोबाइलवर फोन आला. "मॅडम, कोंब आलाय. नर का मादी काय कळंना. पर मी हात लावला न्हाई. सरांनी बघावं."

आम्ही जीपनं निघालो. सर पुढं, काठी दोन्ही हातांत धरलेली. कागल मागं पडल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे बघ, माझी नजर आता पहिल्यासारखी नाही. तुलाच आधी कळेल. मादी निघाली तर मला लगेच सांगू नकोस. जरा वेळ जाऊ दे."

मळ्यात अख्खं घर बांधावर जमलं होतं. चुलते आता खुर्चीत. पोराच्या दोन मुली कुंपणाच्या दगडांवर उभ्या. त्याची आई पुढं, केस पूर्ण पांढरे. शिंदी सरांच्या खांद्याएवढी झाली होती, पानं तशीच निळसर. फुलोऱ्याचं आवरण नुकतंच चिरलं होतं. सरांनी काठी माझ्याकडे दिली, पुढं वाकले, नखानं आवरण बाजूला सारलं आणि आतल्या दांडीवर टिचकी मारली.

काही झालं नाही.

किती वेळ थांबायचं आणि मग काय म्हणायचं, हे मी मनात जुळवू लागले. सर तसेच वाकलेले. त्यांनी अजून एक टिचकी मारली, जरा जोरात.

भस्सकन फिकट पिवळ्या पिठाचा लोट उठला. सरांच्या चष्म्यावर, कपाळावर, गालांवर, पांढऱ्या शर्टाच्या पुढ्यात, दोन्ही हातांवर. ते सरळ उभे राहिले, डोळे मिटलेले, ओठांवर पराग, आणि हात जरासे पुढं धरलेले, कुणीतरी सावकाश काहीतरी लावत असावं तसे. कोणी हललं नाही.

आणि तेवढ्यात पोराची आई तोंडावर हात ठेवून ओरडली,

"अगं बया! सर, हळद लागली की तुमास्नी!"